शाफ्ट निवडण्याआधी स्वतःचा ब्रिज मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: काही वर्षांपासून पूलच्या नऊ फुटी टेबलावर नाइन-बॉल खेळतो. क्यूसोबत (खेळायच्या काठीसोबत) आलेला मेपलचा १३ मिलिमीटरचा शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा निमुळता भाग, अजून वापरतो. सरळ शॉट चांगले पडतात, पण लांबच्या शॉटला साइड (बॉलला मध्याच्या डावी-उजवीकडे मारून दिलेली फिरकी) दिली की हमखास हुकतो. सगळे म्हणतात कार्बनचा लो-डिफ्लेक्शन शाफ्ट घे. खरंच फरक पडतो का? आणि घ्यायचा झाला तर ११.८ की १२.४, लाकडी की कार्बन?

फरक पडतो. मात्र तुम्हाला ज्या कारणासाठी घ्यायला सांगताहेत, त्या कारणासाठी बहुधा नाही. आणि 'सगळ्यात कमी डिफ्लेक्शन तो सगळ्यात चांगला' हा हिशेब तर मुळातच चुकीचा आहे. तुमच्या ब्रिजच्या लांबीला, म्हणजे क्यूच्या टोकापासून त्याला आधार देणाऱ्या पुढच्या हातापर्यंतच्या अंतराला, जुळणारा शाफ्ट चांगला. हे म्हणणं पटायचं असेल तर आधी टिप, म्हणजे शाफ्टच्या टोकावरची चकती, बॉलला लागते तेव्हा काय घडतं ते नीट पाहावं लागेल.

क्यू बॉलच्या (आपण मारतो त्या पांढऱ्या बॉलच्या) मध्याच्या उजवीकडे टिप लावली की बॉल क्यूच्या रेषेत न जाता किंचित डावीकडे निघतो. हा झाला स्क्वर्ट, म्हणजेच आपण ज्याला डिफ्लेक्शन म्हणतो ते. टिप बॉलला चिकटून असते साधारण एक मिलिसेकंद, फार तर थोडी जास्त. तेवढ्यात बॉल फिरायला लागतो आणि टिपला आपल्याबरोबर बाजूला ढकलतो. शाफ्टचं टोक जड असेल तर ते सहज बाजूला सरकत नाही, उलट बॉललाच दुसऱ्या बाजूला रेटतं. टोक हलकं असेल तर ते मुकाट्याने सरकतं आणि बॉल रेषेच्या जवळ राहतो. त्या एका मिलिसेकंदात हा आडवा धक्का शाफ्टमध्ये जेमतेम १५ ते २० सेंटिमीटर मागे पोचतो. त्यामुळे त्याच्या मागचा शाफ्ट, क्यूचा मागचा जाड भाग म्हणजे बट, दोन्ही जोडणारा जॉइंट, मूठ यांतल्या कशाचाही स्क्वर्टशी फारसा संबंध नाही. कळीचं आहे ते पुढच्या वीतभर भागाचं वजन.

हे स्वतः करून बघता येतं. टिपच्या मागे फेरूलवर, म्हणजे शाफ्टच्या टोकाला बसवलेल्या टोपणावर, थोडी जड चिकटमाती गुंडाळा आणि तीच साइड, तोच शॉट मारा. स्क्वर्ट वाढलेला डोळ्यांना दिसतो. तीच माती जॉइंटजवळ लावा, काही बदलत नाही. 'लवचिक शाफ्ट म्हणजे लो-डिफ्लेक्शन' हा समज इथेच गळून पडतो. बरेच कार्बनचे शाफ्ट चांगले ताठ असतात आणि तरीही त्यांचा स्क्वर्ट कमी असतो, कारण पुढे नळी पोकळ किंवा फोम भरलेली असते.

१९९० च्या दशकात प्रिडेटर या क्यू बनवणाऱ्या कंपनीने ३१४ शाफ्ट आणला, त्याचं मर्म हेच होतं: टोक आतून पोकळ, फेरूल आखूड आणि हलका. २०१६ मध्ये त्यांचाच कार्बनचा रेव्हो आला आणि लाकडाच्या जागी कार्बन घेण्याची लाट सुरू झाली. आता क्युटेक, मेझ, मॅकडरमॉट, जेकोबी, सगळ्यांकडे कार्बन आहे. त्याआधी लोक कसे खेळायचे, असा प्रश्न पडत असेल तर अर्ल स्ट्रिकलंडने १९९० आणि १९९१ ची जागतिक नाइन-बॉल विजेतेपदं जिंकली, तेव्हा लो-डिफ्लेक्शन शाफ्ट नावाची वस्तू बाजारात नव्हती. स्क्वर्ट जास्त होता, पण तो अंगवळणी पडलेला होता.

आता आकडे बघू. प्रत्येक शाफ्टला एक पिव्हट लांबी असते. टिपपासून तेवढ्या अंतरावर ब्रिज ठेवून, मध्यावर नेम धरून, फक्त मागचा हात हलवून साइड दिली, तर क्यू जेवढा वळतो नेमका तेवढाच स्क्वर्ट उलट दिशेने होतो आणि बॉल मूळ रेषेवरच जातो. पिव्हट लांबी जितकी जास्त तितका स्क्वर्ट कमी. उदाहरणासाठी साध्या शाफ्टची पिव्हट लांबी ३० सेंटिमीटर धरू आणि लो-डिफ्लेक्शनची ४५. मध्यापासून १० मिलिमीटर बाजूला टिप लावली (ही बऱ्यापैकी जोरदार साइड झाली, कारण साधारण १४ मिलिमीटरच्या पुढे मिसक्यूच होतो, म्हणजे टिप बॉलवरून घसरते) आणि क्यू बॉल एक मीटर गेला, तर साध्या शाफ्टने तो ३.३ सेंटिमीटर सरकतो आणि लो-डिफ्लेक्शनने २.२. स्क्वर्ट तिसऱ्या हिश्श्याने कमी झाला, गायब झाला नाही. नवा शाफ्ट घेऊन 'आता सरळ नेम धरायचा आणि साइड द्यायची' असं ठरवलंत तर बॉल दोन सेंटिमीटर बाजूला जाणार आणि शिव्या शाफ्टला बसणार.

खरा फायदा दुसरीकडे आहे. पूर्ण बॉलच्या जवळपासच्या शॉटमध्ये, म्हणजे दोन बॉल जवळजवळ समोरासमोर आदळतात तेव्हा, क्यू बॉल एक मिलिमीटर चुकला की ऑब्जेक्ट बॉल (पॉकेटमध्ये घालायचा बॉल) जवळजवळ एक अंश चुकतो. बॉलचा व्यास ५७ मिलिमीटर असल्यामुळे हे गणित असं सोपं बसतं. समजा तुम्ही दहाऐवजी साडेदहा मिलिमीटरवर टिप लावली. एवढी चूक माणसाच्या हातून होणारच. एक मीटरवर साधा शाफ्ट त्या अर्ध्या मिलिमीटरचे १.७ मिलिमीटर करतो, लो-डिफ्लेक्शन १.१. पुढे ऑब्जेक्ट बॉलला आणखी एक मीटर जायचंय. तिथे साध्याने तो जवळपास ३ सेंटिमीटर चुकतो, दुसऱ्याने २. स्पर्धेच्या टेबलावर कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे दोन्ही बाजूंना मोकळीक जेमतेम २.९ सेंटिमीटर. एकाने बॉल जबड्यावर आपटून थांबतो, दुसऱ्याने आत पडतो. टिप दोन मिलिमीटर चुकलीत तर मात्र दोन्हींनी हुकतो, तिथे कुठलाच शाफ्ट कामाला येत नाही.

हा हिशेब अख्खा क्यू समांतर सरकल्याच्या चुकीचा झाला, म्हणजे उभं राहतानाच रेष थोडी बाजूला धरली तर. चुकीचा दुसरा प्रकारही आहे आणि हौशी खेळाडूंमध्ये तो जास्त दिसतो: ब्रिज जागेवर आहे, पण स्ट्रोक मारताना मागचा हात बाहेर किंवा आत जातो. मध्यावर मारायचं होतं, टिप एक मिलिमीटर उजवीकडे लागली. तुमचा ब्रिज ३० सेंटिमीटर आणि शाफ्टची पिव्हट लांबीही ३० असेल, तर ही चूक आपोआप फिटते. क्यू उजवीकडे वळला, स्क्वर्टने बॉल तेवढाच डावीकडे गेला, शॉट पडला, तुम्हाला कळलंही नाही. त्याच ब्रिजवर ४५ वाला शाफ्ट लावा. आता स्क्वर्ट कमी असल्यामुळे चूक पुरती फिटत नाही. एक मीटरवर बॉल साधारण एक मिलिमीटर उजवीकडे जातो, ऑब्जेक्ट बॉल एक अंश चुकतो.

महागडा शाफ्ट घेतल्यावर सरळ शॉटच हुकायला लागले, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांचं दुखणं बहुतेक वेळा हेच निघतं. आखूड ब्रिज, थोडा वाकडा स्ट्रोक, आणि जुन्या शाफ्टने ते इतके दिवस झाकून ठेवलेलं. म्हणून 'सरळ शॉट चांगले पडतात' हे तुमचं वाक्य मी जरा जपून घेतो.

तेव्हा पहिली गोष्ट, शाफ्ट बघायला जाण्याआधी टिपपासून ब्रिजच्या बोटांपर्यंतचं अंतर मोजा. स्वतः मोजू नका, दुसऱ्याला मोजायला सांगा, तेही खेळताना. मोजायचं म्हटलं की माणूस हात पुढे-मागे करतो. मग तुमच्या आत्ताच्या शाफ्टची पिव्हट लांबी काढा. क्यू बॉल आणि ऑब्जेक्ट बॉल यांत पाऊण मीटर अंतर ठेवून सरळ रेषेत लावा. पूर्ण बॉलवर मध्याचा नेम धरा, ब्रिज न हलवता मागचा हात डावीकडे नेऊन टिप उजवीकडे आणा आणि क्यू शक्य तितका आडवा ठेवून जोरात मारा. जोर हवा, कारण हळू मारलं की बॉल वळायला लागतो आणि निकाल बिघडतो. क्यू बॉल पूर्ण लागला तर तो तिथल्या तिथे गरगरत राहतो आणि ऑब्जेक्ट बॉल सरळ जातो. क्यू बॉल साइडच्याच बाजूला, म्हणजे उजवीकडे चुकत असेल तर ब्रिज लांब करा. उलट बाजूला चुकत असेल तर आखूड करा. ज्या अंतरावर बॉल पूर्ण लागायला लागतो ती तुमच्या शाफ्टची पिव्हट लांबी. डाव्या साइडनेही करून बघा. दोन्हीकडचं उत्तर फार वेगळं आलं तर शाफ्टला दोष देऊ नका, तुम्हाला जो मध्य वाटतोय तो मध्य नाही.

हीच चाचणी मित्राच्या शाफ्टवर करा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही जाहिरातीतल्या टक्केवारीपेक्षा जास्त सांगून जातं. ब्रिज २५ सेंटिमीटरच्या आसपास असेल आणि तो बदलायची तयारी नसेल, तर टोकाचा लो-डिफ्लेक्शन शाफ्ट तुमच्यासाठी नाही. मधला, थोडा जाड, लाकडी शाफ्ट बघा. ३० ते ३५ सेंटिमीटरच्या ब्रिजने आरामात खेळत असाल तर लो-डिफ्लेक्शनचा फायदा पदरात पडेल.

आता तुमच्या हुकणाऱ्या शॉटकडे येतो, कारण त्यात निव्वळ स्क्वर्टच आहे याची मला खात्री नाही. साइड दिली की आणखी दोन गोष्टी होतात. एक स्वर्व्ह: टेबलाच्या कडेच्या कुशनच्या उंचीमुळे क्यू कधीच पूर्ण आडवा नसतो, त्यामुळे उजव्या साइडचा बॉल आधी डावीकडे निघतो आणि मग हळूहळू उजवीकडे वळतो. शॉट जितका हळू, अंतर जितकं लांब, क्यू जितका उचललेला, तितकं वळण जास्त. नव्या गुळगुळीत कापडावर वळण उशिरा येतं, जुन्या घासलेल्या कापडावर लवकर. दुसरा थ्रो: बॉल एकमेकांना लागताना घर्षणामुळे उजवी साइड ऑब्जेक्ट बॉलला डावीकडे ओढते. बॉल मळलेले असतील तर आणखी.

थ्रोवर शाफ्टचा काहीही इलाज नाही. तो स्क्वर्टपासून वेगळा काढायचा असेल तर दोन बॉलमध्ये फक्त वीतभर अंतर ठेवून हळू साइड मारा. एवढ्या अंतरात स्क्वर्टला वाव फार कमी असतो. तरीही ऑब्जेक्ट बॉल बाजूला जात असेल तर तो थ्रो आहे, आणि त्यासाठी पैसे खर्च करायची गरज नाही, नेम बदलायची आहे.

स्वर्व्हचा किस्सा मात्र शाफ्टशी थेट जोडलेला आहे. साध्या शाफ्टने मध्यम वेगाच्या लांब शॉटला स्क्वर्ट आणि स्वर्व्ह एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. तुमच्या हातात जी सवय बसली आहे ती या दोघांच्या वजाबाकीची आहे. लो-डिफ्लेक्शन शाफ्टने स्क्वर्ट घटतो, स्वर्व्ह जवळजवळ तेवढाच राहतो. परिणामी हळू शॉटला वजाबाकीचं चिन्हच उलटतं: उजव्या साइडने बॉल रेषेच्या उजवीकडे पोचायला लागतो. पूर्वी ज्या बाजूला नेम सरकवत होतात, आता हळू शॉटला त्याच्या उलट आणि जोराच्या शॉटला पूर्वीसारखाच, फक्त थोडा कमी सरकवायचा. शाफ्ट बदलल्यावर पहिले काही आठवडे लोक वैतागतात ते यामुळे. त्या काळात जुना शाफ्ट कपाटात ठेवा. एक फ्रेम याने, एक फ्रेम त्याने, असं केलंत तर दोन्ही बिघडतील.

जास्त स्पिन मिळतो का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण दुकानात ऐकवतील. स्पिन ठरतो टिप मध्यापासून किती दूर लागली आणि क्यूचा वेग किती यावर. बारीक शाफ्टने टिप कुठे लागतेय ते स्पष्ट दिसतं, म्हणून माणूस बिनधास्त आणखी बाहेर मारतो आणि बॉल जास्त फिरतो. मिसक्यूची मर्यादा तीच राहते.

व्यासाचं बोलायचं तर ११.८ आणि १२.४ यांत निम्म्या मिलिमीटरहून थोडाच जास्त फरक आहे, तरी हाताला तो चांगला जाणवतो. बारीक टोक साधारणपणे हलकं, म्हणून स्क्वर्ट थोडा आणखी कमी. पण ते नेमही काटेकोर मागतं: ड्रॉ (क्यू बॉल मागे खेचणारा शॉट) मारताना टिप जरा बाजूला गेली तर नको असलेली साइड लगेच दिसते. स्नूकरवरून पूलकडे आलेल्यांना ११.८ आवडतो, त्यांच्या हाताला साडेनऊ-दहा मिलिमीटरच्या टिपची सवय असते. १३ वरून येणाऱ्याने आधी १२.४ किंवा त्याच्या जवळपासचा बघावा असं माझं मत आहे. नियमांची अडचण इथे कुठेच नाही, टिप १४ मिलिमीटरपर्यंत चालते.

व्यासापेक्षा टेपरकडे, म्हणजे शाफ्ट मागे कसा जाड होत जातो याकडे, लोक फारच कमी लक्ष देतात. काही शाफ्ट टिपपासून ३० सेंटिमीटर किंवा जास्त अंतर जवळपास एकसारख्या जाडीचे असतात, त्याला प्रो टेपर म्हणतात. काही सुरुवातीपासूनच जाड होत जातात. बंद ब्रिज करत असाल, म्हणजे तर्जनीचं कडं करून त्यातून शाफ्ट सरकवत असाल, तर दुसऱ्या प्रकारात स्ट्रोकच्या शेवटी बोटांत शाफ्ट दाटतो, कडं उघडतं, आणि मग दोष कशाचा ते कळत नाही. उघड्या ब्रिजवाल्याला दोन्ही चालतात.

लाकडी की कार्बन, यात मी कुणाशी वाद घालत नाही. स्क्वर्टच्या बाबतीत चांगला लाकडी लो-डिफ्लेक्शन शाफ्ट कार्बनच्या तोडीस तोड असू शकतो. कार्बनची बाजू टिकाऊपणाची आहे: दमट हवेत वाकत नाही, टेबलाच्या कडेवर आपटून खड्डे पडत नाहीत, ओल्या फडक्याने पुसला की झालं. लाकडाची बाजू हाताला येणाऱ्या जाणिवेची आणि आवाजाची. कार्बनचा पोकळ टणत्कार काहींना शेवटपर्यंत रुचत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, कार्बन म्हणजे आपोआप लो-डिफ्लेक्शन नव्हे. स्वस्तातल्या काही शाफ्टमध्ये पुढची भिंत जाड असते किंवा टोकाला जड तुकडा बसवलेला असतो, आणि त्यांचा स्क्वर्ट साध्या मेपलइतकाच निघतो. वरची चाचणी हे लगेच उघडं पाडते. आणि कार्बनला कधीही सँडपेपर लावू नका. पृष्ठभाग खराब होतोच, शिवाय ती धूळ फुप्फुसांत जाण्यासारखी नाही.

टिप बदलून घेताना कारागीर कोण आहे ते बघा. लो-डिफ्लेक्शन लाकडी शाफ्टचा फेरूल आखूड आणि पातळ असतो. नेहमीच्या सवयीने त्यावर जोर लावला किंवा दरवेळी थोडा थोडा घासला तर तो तडकतो, आणि जाड-जड फेरूल बसवला की शाफ्ट लो-डिफ्लेक्शन राहतच नाही. याच कारणाने ब्रेक, म्हणजे डावाच्या सुरुवातीचा बॉल फोडणारा शॉट, या शाफ्टने मारू नका. ब्रेकला जोर पूर्ण लागतो, टिप मध्यावरून हुकण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, आणि तिथे ब्रिजएवढीच पिव्हट लांबी असलेला क्यू तुमच्या चुका सांभाळून घेतो. तुमचा जुना १३ मिलिमीटरचा शाफ्ट या कामाला उत्तम आहे, कडक टिप लावून घ्या.

राहिला जॉइंट. तुमच्या बटची पिन, म्हणजे शाफ्ट जोडायचा आट्यांचा स्क्रू, कोणती ते शाफ्ट मागवण्याआधी पक्कं करा: ३/८ × १०, ५/१६ × १४, ५/१६ × १८, रेडियल, युनि-लॉक, असे बरेच प्रकार आहेत. अपूर्णांक म्हणजे पिनचा इंचातला व्यास, पुढचा आकडा एका इंचात किती आटे ते सांगतो. ५/१६ × १४ आणि ५/१६ × १८ डोळ्यांना सारख्याच दिसतात. चुकीचा शाफ्ट एक-दोन फेरे जातोही, मग अडतो, आणि तिथे जोर लावला की आटे गेले. कॉलरचा (जॉइंटवरच्या कड्याचा) व्यासही मोजून कळवा, नाहीतर जॉइंटवर पायरी राहते. खेळाला तिचा त्रास नाही, पण हात फिरवला की दरवेळी खुपते. शाफ्टचं वजनही विचारा. बहुतेक १०० ते १२० ग्रॅममध्ये असतात, आणि नवा शाफ्ट जुन्यापेक्षा दहा-पंधरा ग्रॅम हलका निघाला तर क्यूचा तोल मुठीकडे सरकतो. बटमधला वजनाचा बोल्ट हलका करून तो बराचसा परत आणता येतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर ब्रिज मोजून तो ३० च्या पुढे आला आणि मित्राच्या शाफ्टवरची चाचणी ठीक गेली, तर १२.४ च्या आसपासचा, प्रो टेपरचा, मध्यम कडक टिपचा शाफ्ट घ्या. ब्रिज २५ निघाला तर खरेदी महिनाभर पुढे ढकला, आहे त्याच शाफ्टने ब्रिज चार-पाच सेंटिमीटर लांब करून खेळा आणि मग पुन्हा मोजा.